सत्त्याण्णव पॉइंट चार

रात्री अडीचला पाच नंबर उठून बसले.
भरमाण्णा कामकर, वडगावचे.
आठ महिन्यांत त्यांचा आवाज मी दोनदाच ऐकलेला,
एकदा "चहा", एकदा "नको".
आता बोलूलाल्यात सलग:
"कांडी संपली गं. कांडी भर."

बोटं नळीवर, लघवीच्या,
खाटेखालच्या पिशवीकडे उतरणाऱ्या.
चिमटीत धरून तिला पुन्हा पुन्हा
गाठ मारायला बघतायत.
"तुटलाय बघ धागा. उजेड आण."

थर्मामीटर लावला. सत्त्याण्णव पॉइंट चार.
बसलिंगय्या सर फोनवर जांभई देत म्हणाले,
ताप नाही ना? मग वयाचं आहे.
अरवत्तक्के अरळु-मरळु.
आमच्यात म्हणतात साठी बुद्धी नाठी.
सीमेच्या कुठल्याही बाजूनं या,
म्हाताऱ्यांसाठी वाक्य तयार आहे.

गेल्या श्रावणात नऊ नंबरच्या गंगव्वा
भिंतीवरच्या ओलीला म्हैस समजून
हाक मारत होत्या, "बा, बा".
आम्ही हसलो. मीही हसले,
पदर तोंडाला लावून.
थर्मामीटर तेव्हाही असाच शांत.
तिसऱ्या दिवशी पिशवीत गढूळ चहा,
पाचव्या दिवशी गादी उन्हात.

हुक्केरी मॅडम नंतर म्हणाल्या होत्या,
सगळ्यांना ताप येईलच असं नाही गं.
थकलेल्या अंगात तेवढं सरपण कुठलं?
विस्तव आतच राहतो
आणि धूर डोक्यात जातो.

मी टॉर्च लावून पिशवी बघते.
वास आधी येतो.
मग मॅडमचा नंबर लावते, सरांना न विचारता.
रिंग वाजत राहते, आणि मी मोजत राहते:
नऊला दोन नंबरचा कप धरला,
साडेनऊला सातचं डायपर,
दहाला आठ नंबरनी माझ्या ओंजळीत खोकलं,
रुमाल मिळेपर्यंत.
मग पाचची पिशवी रिकामी केली.
मध्ये हात धुतले का?
धुतले असतील.
धुतले असतील असं मला वाटतंय.

सतरा खाटा, एक बेसिन.
हातमोजे पाळीला चार, कुलपातून मोजून.
बेसिनवर एक पाटी कानडीत, एक मराठीत,
दोघींचे कोपरे ओलाव्यानं फुगलेले.
बाटलीतलं औषध मंगळवारीच संपलं.
माझ्या बोटांच्या पेरांना भेगा,
फिनेलनं झोंबतात,
आणि भेगेत काय काय राहतं, कोण बघणार.

बाईच्या हाताला चव असते म्हणतात.
आणखी काय असतं
ते कुणी म्हणत नाही.

त्यातून यांना हात तर हवाच असतो.
मुलगा हुबळीला, मुलगी पुण्याला,
दिवसभरात अंगाला लागणारं माणसाचं कातडं
हेच, माझं.
तेरा नंबरच्या रोझालिनबाई तर
माझी बोटं गालाला लावून झोपतात.
त्यांना कसं सांगू, थांबा, आधी साबण.

मॅडम उचलतात. लगेच हलव म्हणतात.
तापाची वाट बघू नको.
नळीची तारीख विचारतात.
मी रजिस्टर उघडते, तारखेच्या जागी
कुणाची तरी सही आहे.

गाडी येईपर्यंत मी त्यांच्याजवळ बसते,
नळी त्यांच्या चिमटीतून हळूच सोडवत.
बोटं अजून खड्ड्यातल्या मागावर आहेत,
पाय चादरीखाली पावडी दाबतायत,
डावा, उजवा, डावा.

"भरलीस कांडी?"
भरली, मामा.

ते माझे हात उजेडाकडे वळवून बघतात,
नवीन पोरीचे बघत असावेत तसे.
"पूस आधी," म्हणतात.
"पांढरं सूत आहे."

फाटकाशी गाडीचा दिवा फिरतोय.
सहा नंबर खोकायला लागलेत.
साबणाची चकती नखाएवढी उरलीय.
नळ सोडते.